सनमायकाच्या किचनवर लाकूड चढवायचंय? गोंद असा निवडा

मुंबईत दहा-पंधरा वर्षांपूर्वी बसवलेलं किचन कळकट दिसायला लागलं की घरात सगळं उखडून नवं करण्याची भाषा सुरू होते. त्याआधी शटर उघडून आत नजर टाका. बॉक्स ताठ उभे असतील, सिंकखालचा प्लाय फुगलेला नसेल आणि बिजागरीचे स्क्रू अजून घट्ट आवळले जात असतील, तर बदलायचं आहे ते फक्त तोंड. दर्शनी बाजूवर सागाचं, ओकचं किंवा अक्रोडाचं व्हिनियर (म्हणजे खऱ्या लाकडाचं पातळ पान), कडांना सागाची पट्टी आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, काम एवढंच. मात्र ते टिकणार की पहिल्याच पावसाळ्यात फुगे धरणार, हे लाकडापेक्षा गोंदावर ठरतं.

दुकानात गेल्यावर बहुतेक जण विचारतात, "सगळ्यात स्ट्राँग कुठला?" हा प्रश्न फारसा कामाचा नाही. साधा पांढरा फेविकॉलसुद्धा लाकडाला लाकूड जोडताना इतका घट्ट बसतो की जोडाआधी लाकूड तुटतं. विचारायचं ते हे: या गोंदातलं पाणी किंवा थिनर बाहेर कुठून पडणार? पांढऱ्या गोंदात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते लाकडात शोषलं गेलं की गोंद आवळतो. सनमायका म्हणजे राळेत भिजवलेले कागदाचे थर, उष्णता आणि दाब देऊन एकजीव केलेले. सगळ्यात वरचा थर मेलामाइन राळेचा, आणि तो पाणी आत घेत नाही. म्हणून तर ती किचनमध्ये लावतात. याच गुणामुळे तिच्यावर काही चिकटवणं अवघड जातं.

खाली नेमकं काय आहे?

बाहेरून सगळी शटर सारखी दिसतात, आतून नसतात. एखादं शटर काढून बिजागरीच्या वाटीच्या खड्ड्यात बघा. थर दिसले तर प्लाय, भुसा दाबल्यासारखा एकसंध तपकिरी माल दिसला तर एमडीएफ, जाड चुरा दिसला तर पार्टिकल बोर्ड. पार्टिकल बोर्ड कडेला फुगला असेल तर त्यावर एक रुपयाही घालू नका. ते शटर नवीन करून घ्या.

मग बोटाच्या पेरांनी प्रत्येक शटरवर ठोकत जा. भरीव आवाज आला तर सनमायका घट्ट आहे. कुठे पोकळ वाजलं तर तिथे ती आधीच सुटली आहे, आणि सुटलेल्या थरावर कितीही महागडा गोंद लावला तरी तो धरणार कशाला?

मेम्ब्रेनची शटर वेगळी. त्यात एमडीएफवर पीव्हीसीचा पातळ पापुद्रा ताणून बसवलेला असतो आणि चिमणीच्या आसपास तो बऱ्याचदा सोलपटत असतो. त्यावर व्हिनियर चिकटवायच्या फंदात पडू नका. हीट गनची ऊब दिली की पापुद्रा सहसा सोलून निघतो, खालचा एमडीएफ घासून घ्या आणि तिथून सुरुवात करा. ॲक्रिलिकची चकचकीत शटर असतील तर हा उद्योगच टाळा.

सनमायका काढायची की ठेवायची

सनमायका ओरबाडून काढायची हौस बऱ्याच जणांना असते. आपल्याकडे ती बहुधा पांढऱ्या गोंदाने, वजनाखाली दाबून बसवलेली असते. ती निघताना प्लायचा वरचा पापुद्राही घेऊन येते. मग खड्डे भरा, घासा, पुन्हा भरा. घट्ट बसलेली सनमायका राहू द्या, माझं मत स्पष्ट आहे. ती सपाट आहे, ताठ आहे, तिला फक्त खरखरीत करायचं आहे. सुटलेली असेल तिथेच गरम करून काढा.

अपवाद दोन. सनमायका खोल रेषांच्या टेक्श्चरची असेल तर त्या रेषा पातळ व्हिनियरमधून वर उमटतात. तिथे रेषा जाईपर्यंत घासा नाहीतर जाड व्हिनियर घ्या. दुसरा अपवाद कडांचा. तिथली पीव्हीसी पट्टी किंवा सनमायकाची चिंधी काढूनच टाका आणि प्लाय उघडा करा. कडेला सागाची पट्टी बसणार आहे, आणि लाकडाला लाकूड जोडायची संधी मिळत असेल तर ती सोडायची नसते.

वर काय चढवणार, त्यावर गोंद ठरतो

बाजारात लाकूड मुख्यतः तीन रूपांत मिळतं. पहिलं कोरं व्हिनियर, साधारण अर्ध्या मिलिमीटरचं, मागे काही नसलेलं पान. दुसरं, मागे कागद किंवा कापडासारखा थर लावलेलं व्हिनियर, जे गुंडाळता येतं. तिसरं, आपल्याकडे सर्रास विकलं जाणारं ४ मिमीचं, म्हणजे पातळ प्लायवर आधीच चिकटवून आलेलं, ८ बाय ४ फुटांच्या शीटमध्ये. याशिवाय भरीव लाकडाच्या पट्ट्या आणि मोल्डिंग असतंच.

सनमायकावर चढवायला ४ मिमीचं शीट सगळ्यात निर्धोक. गोंदाच्या बाजूला प्लाय येतो, पान गोंदापासून लांब राहतं, आणि पॉलिशमधलं थिनर खालच्या गोंदापर्यंत पोचत नाही. कागद लावलेलं व्हिनियर दुसरा पर्याय. कोरं पान मात्र सनमायकावर लावू नका, मिस्त्री कितीही आत्मविश्वासाने "एसआर मार देते हैं" म्हणाले तरी.

कारण असं. एसआर, म्हणजे सिंथेटिक रबराचा कॉन्टॅक्ट गोंद, सुकल्यावरही रबरासारखा थोडा लवचीक राहतो. सनमायकाला ते चालतं. लाकडाचं पान मात्र जुलैत ओल पिऊन आडवं पसरतं आणि जानेवारीत आक्रसतं. ही हालचाल रबर थोपवू शकत नाही, ते नुसतं ताणलं जातं. मग पानाला केसासारख्या चिरा पडतात किंवा फुगे येतात. त्यात पॉलिशचं थिनर पानाच्या रंध्रांतून खाली झिरपलं की गोंद पुन्हा मऊ होतो. कोऱ्या पानाचंच प्रेम असेल तर शटरची सनमायका काढा, प्लाय उघडा करा आणि पांढऱ्या गोंदाने, पूर्ण दाबाखाली बसवा.

भरीव लाकडाबद्दल एक सूचना. दोन-अडीच इंचांपेक्षा रुंद फळी शटरवर संपूर्ण चिकटवू नका. लाकूड रुंदीत हलणारच. गोंदाने त्याला जखडलं की एकतर फळी फाटते किंवा अख्खं शटर वाकतं. फ्रेमचा भास हवा असेल तर चारी बाजूंनी अरुंद पट्ट्या आणि मधे व्हिनियर, असं करा.

गोंद एकेक करून

*पांढरा गोंद.* फेविकॉल एसएच सगळ्यांना माहीत आहे. पाणी सोसणारा मरीन प्रकारही मिळतो. युरोपीय वर्गवारीत पांढऱ्या गोंदाला डी१ ते डी४ असे दर्जे असतात, आणि डब्यावर डी३ छापलेलं दिसलं तर तो किचनच्या अधूनमधून होणाऱ्या ओलीला पुरेसा आहे असं समजा. उघडा प्लाय, उघडा एमडीएफ, कडेच्या पट्ट्या, कोरं पान यांसाठी हाच. न घासलेल्या सनमायकावर तो सुकून नखाने निघेल असा पापुद्रा होतो. घासलेल्या सनमायकावर, वर ४ मिमीचा प्लाय असेल तर पाणी प्लायमधून निघून जातं आणि तो धरतो. त्यासाठी शटर रात्रभर वजनाखाली ठेवावं लागतं. गोंदात पाणी घालून तो पुरवायची सवय अनेकांना असते. ती आपल्या कामावर चालू देऊ नका.

*कॉन्टॅक्ट गोंद.* फेविकॉल एसआर ९९८ हे नाव यात परिचित, आणि उष्णता सोसणाऱ्या प्रकारात हीटेक्स. दोन्ही बाजूंना लावून, सुकू देऊन, मग एकमेकांवर टेकवायचा. थिनर टेकवण्याआधीच उडून गेलेलं असतं, त्यामुळे सनमायका शोषत नाही ही अडचणच उरत नाही. क्लॅम्प लागत नाहीत. शटर वाकत नाही, कारण एका बाजूने पाणी मुरण्याचा प्रश्न नाही. तोटा एकच पण मोठा: टेकवलं की सरकवता येत नाही.

*इपॉक्सी.* अराल्डाइट हे घरोघरचं नाव. दोन भाग मिसळायचे, काहीही उडून जायचं नसतं, म्हणून न शोषणाऱ्या पृष्ठभागावरही धरतो आणि बारीक फटी भरतो. अख्ख्या शटरसाठी महाग आणि वेळखाऊ. सनमायकावर थेट मोल्डिंग किंवा भरीव पट्टी बसवायची असेल तिथे मात्र याला तोड नाही. घाईत पाच मिनिटांवाला घेऊ नका. उष्णता आणि ओल सोसण्यात सावकाश आवळणारा उजवा ठरतो. क्लॅम्प हलकाच आवळा. जास्त आवळलात तर सगळा गोंद बाहेर येतो आणि जोड कोरडा राहतो.

*पीयू गोंद.* हवेतली ओल घेऊन आवळतो आणि फेसाळून फुगतो. पाण्याला चांगला टिकतो. पण मुंबईच्या दमट हवेत उघडलेली बाटली लवकर वाया जाते, आणि हाताला लागला तर पुढचे काही दिवस हात तसेच मिरवावे लागतात. सिंकखालच्या शटरच्या पट्ट्यांपुरता विचार करा.

सिलिकॉन मात्र कुठेही नको. त्याचा बोटभर डाग राहिला तरी तिथे पॉलिश धरत नाही. बंदुकीतून निघणारे जाड बांधकाम-गोंद मोल्डिंगला चालतात, व्हिनियरखाली त्यांच्या लाटा दिसतात.

ओट्याच्या कुठल्या भागात काय

अख्ख्या किचनला एकच गोंद वापरायचा नियम नाही. गॅसच्या दोन्ही बाजूंची आणि चिमणीलगतची शटर सतत तापतात. साधा पांढरा गोंद आणि साधा एसआर, दोघेही उष्णतेने मऊ पडतात. तिथे उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट गोंद घ्या. सिंकखाली पाणी ठिबकतं आणि आत हवा कोंडलेली असते. तिथे चेहऱ्याला कॉन्टॅक्ट आणि कडेच्या पट्ट्यांना मरीन किंवा डी३. वरची कपाटं, धान्याच्या ट्रॉलीचे फ्रंट यांना साध्या गोंदाने काही होत नाही.

भिंतीला लागून असलेले बॉक्सचे बाजूचे पॅनेल काढता येत नाहीत आणि तिथे क्लॅम्पही बसत नाही. उभ्या पृष्ठभागावर कॉन्टॅक्ट गोंदाशिवाय दुसरा व्यवहार्य मार्ग नाही. फ्रिजशेजारच्या उंच कपाटाची चार-पाच फुटी दारं असतील तर तिथेही पाण्याचा गोंद टाळा. एकाच बाजूने ओल मुरली की दार धनुष्य होतं. अशा दारांच्या आतल्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा साधा प्लाय लावून तोल साधणं चांगलं.

किती लागेल?

समजा १८ शटर, प्रत्येकी सरासरी २ बाय अडीच फूट. एका बाजूचे ९० चौरस फूट झाले, म्हणजे सुमारे साडेआठ चौरस मीटर. ३२ चौरस फुटांची तीन शीट हिशेबात बसतात, पण लाकडाच्या रेषा शटरमागून शटर जुळवायच्या तर चार घ्या. पांढरा गोंद चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम जातो, म्हणून २ किलो पुरे. कॉन्टॅक्ट गोंद दोन्ही बाजूंना लागतो आणि प्लायची पाठ पहिला हात पिऊन टाकते, त्यामुळे ४ लिटरच्या आसपास धरा. शीट एकाच लॉटमधली निवडा आणि उन्हात उभी करून बघा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली साग आणि सागासारखा रंगवलेला माल सारखाच दिसतो. व्हिनियरसाठी रे रोडची लाकूडबाजारपेठ आणि हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट एकाच फेरीत होतात.

आणलेली शीट लगेच लावू नका. दोन-तीन दिवस त्याच घरात, आडवी, खाली पट्ट्या देऊन ठेवा. गोदामातली ओल आणि तुमच्या घरातली ओल एक होऊ द्या.

आता प्रत्यक्ष काम

गॅस आधी बंद करा: सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइपगॅसचा व्हॉल्व्ह. कॉन्टॅक्ट गोंदाची वाफ पेट घेते, हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते. देवघर किचनमध्येच असेल तर त्या दिवशी निरांजन आणि उदबत्ती दुसऱ्या खोलीत. फ्रिज आधीच बंद करून प्लग काढून ठेवा, वाफ असताना बटणं चालू-बंद करू नका. शटर काढून बाल्कनीत किंवा गच्चीवर गोंद लावणं सगळ्यात बरं. सोसायटीने कामाच्या वेळा ठरवल्या असतील तर घासण्याचा आवाज त्या वेळेत उरकून घ्या.

शटर काढताना प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने क्रमांक लिहा. मग स्वच्छता, आणि हिला घाई नको. वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचा चिकट थर आधी न काढता घासायला घेतलं तर पॉलिशपेपर तेच तेल सगळीकडे पसरवतो. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून पुसा, मग साध्या पाण्याने, मग वाळू द्या आणि शेवटी थिनरने. त्यानंतर ८० नंबरच्या पेपरने, मास्क लावून, चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा. तिरप्या उजेडात पाहिलं की राहिलेले चमकते ठिपके दिसतात. धूळ झटका, पुन्हा थिनरचा हात.

सगळ्या शटरना हात लावण्याआधी एका कोपऱ्यात चाचणी घ्या. व्हिनियरचा हातभर तुकडा ठरवलेल्या गोंदाने लावा, दोन दिवस थांबा आणि पटाशीने उचका. सनमायकावर लाकडाचे तंतू चिकटून राहिले तर गोंद पास. गोंदाचा अख्खा थर सनमायकावरून स्वच्छ निघाला तर घासणं कमी पडलंय किंवा तेल राहिलंय. ब्रँड बदलून ते सुधारणार नाही.

कॉन्टॅक्ट गोंद खाचांच्या पट्टीने पातळ, सारखा पसरवा. प्लायच्या पाठीला पहिला हात सुकल्यावर दुसरा. हवेप्रमाणे १० ते २० मिनिटं थांबा. बोट टेकवल्यावर चिकटपणा जाणवावा पण तार निघू नये. शटरवर आडव्या सुक्या काड्या मांडा, त्यावर व्हिनियर ठेवून चारी बाजू जुळवा, आणि मधली काडी काढून मधून बाहेर दाबत जा. इथे वेळेपेक्षा क्षणाचा जोर महत्त्वाचा, म्हणून रोलर भार देऊन फिरवा किंवा लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने सगळीकडे ठोका. व्हिनियर शटरपेक्षा सगळ्या बाजूंनी थोडं मोठं कापलेलं असावं, जास्तीचं नंतर छाटा.

पांढऱ्या गोंदाने करत असाल तर गोंद फक्त एका बाजूला, पण कोपऱ्यांपर्यंत. एकावर एक शटर रचा, मधे प्लास्टिकचा कागद द्या, वर सपाट फळी आणि तिच्यावर पाण्याने भरलेली पिंपं. दर्शनी बाजूवर सांडलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा, सुकला की पॉलिशमध्ये तिथे फिकट डाग उठतो.

कडेच्या पट्ट्या शेवटी, पाच-सहा मिमी जाडीच्या. पट्टी आधी आणि व्हिनियर नंतर लावलं तर दिसायला सुबक, पण मग व्हिनियरची कड उघडी राहते आणि ओले हात तिलाच लागतात. किचनमध्ये पट्टीने कड झाकणंच शहाणपणाचं. साग तेलकट लाकूड आहे, म्हणून चिकटवायच्या बाजूवर आधी थिनरचा बोळा फिरवा आणि ते उडून गेलं की लगेच पांढरा गोंद लावून बिनडोक्याच्या खिळ्यांनी धरा. चेहऱ्याची आणि पट्ट्यांची वाढलेली जाडी शटरच्या मापातून आधी कमी करायला विसरू नका.

पावसाळ्यात?

जमल्यास नको. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. पांढरा गोंद दुप्पट वेळ घेतो. कॉन्टॅक्ट गोंदाचं वेगळंच होतं: थिनर भरकन उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर हवेतली वाफ बसते. गोंदावर पांढुरकी झाक दिसली तर समजा की पाणी बसलंय. अशा वेळी चिकटवू नका, झाक जाईपर्यंत थांबा, गरज पडल्यास वर नवा हात द्या. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ या कामाला उत्तम. काम पावसातच अडलं असेल तर बंद खोलीत एसी लावून ती आधी कोरडी करा, मग एसी बंद करून खिडक्या उघडा आणि त्यानंतरच गोंदाचा डबा उघडा.

पॉलिश आणि परत बसवणी

कॉन्टॅक्ट गोंदावर किमान दोन दिवस पॉलिश चढवू नका, आतलं उरलेलं थिनर निघू द्या. पीयू पॉलिश समोरून, कडांवर आणि शटरच्या खालच्या धारेवरही हवं. फरशी पुसतानाचं पाणी तिथूनच आत शिरतं आणि मिस्त्री तीच धार हमखास विसरतात.

दार ४ मिमीने जाड झालंय, म्हणून उघडताना शेजारच्या दाराला घासतं का ते पाहा आणि बिजागरीच्या स्क्रूने फट जुळवा. हँडलचे जुने स्क्रू आता आखूड पडतील, चार-पाच मिमी लांब आणा.

पुढे कधी फुगा आलाच तर आधी खाली कुठला गोंद आहे ते आठवा. कॉन्टॅक्ट गोंद असेल तर वर सुती कापड ठेवून मध्यम गरम इस्त्री फिरवा आणि गार होईपर्यंत ठोकळ्याने दाबून धरा, बहुतेक वेळा तो पुन्हा धरतो. उघड्या प्लायवरच्या कोऱ्या पानाखाली पांढरा गोंद असेल तर लाकडाच्या रेषेच्या दिशेने ब्लेडने बारीक चीर द्या, इंजेक्शनच्या सिरिंजने थोडा पांढरा गोंद आत सोडा, पुसून घ्या, प्लास्टिक ठेवून रात्रभर वजन द्या.